कॉइल गेली, असं कोण म्हणतं?

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीला नेला की हल्ली निकाल आधीच लागलेला असतो. मागचा पुठ्ठा निघतो, मोबाइलचा उजेड आत पडतो, धुळीवर एक फुंकर बसते आणि सांगितलं जातं, की कॉइल गेली आहे, ती आता कुठे मिळत नाही, त्यापेक्षा आत ब्लूटूथचा बोर्ड टाकू, छान वाजेल. एवढ्या वेळात मीटर खणातून बाहेर आलेला नसतो. गिऱ्हाईक मान डोलावतं, कारण पुढे काय विचारायचं हे त्याला सुचत नाही. आठवड्याभरात रेडिओ घरी येतो. डायल उजळते, गाणी वाजतात, काटाही फिरतो; फक्त तो काटा कशालाच जोडलेला नसतो. चेसिस भंगारवाल्याकडे गेलेली असते.

हे मत आता दुकानदारांपुरतं राहिलेलं नाही. घरसजावटवाले तेच म्हणतात, जुन्या वस्तूंचे व्यापारी म्हणतात, आणि चांगला हात असलेले काही मेकॅनिकही म्हणू लागले आहेत, याचं जास्त वाईट वाटतं. त्यांचं म्हणणं असं: कॉइल मिळत नाही, केसासारखी तार माणसाच्या हाताने जोडता येत नाही, आणि एवढा खटाटोप करून मध्यम लहरींवर आता ऐकायला उरलंय काय? शेवटच्या प्रश्नात तथ्य आहे, त्याकडे येतोच. पहिल्या दोन विधानांत मात्र काडीचंही नाही.

त्या पेटीतला कुठला भाग कारखान्याशिवाय पुन्हा बनवता येत असेल, तर तो कॉइलच. व्हॉल्व्ह घरी बनत नाही. त्याला निर्वात काच लागते, कॅथोडवरचा लेप लागतो. १९६० च्या दशकात बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आपल्याकडे व्हॉल्व्ह बनवत होती. आज ईसीएच ८१ गेला, तर कुणाच्या तरी जुन्या साठ्यातलाच शोधावा लागतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घरी बनत नाही, व्हॉल्यूम कंट्रोलची कार्बनची पट्टी बनत नाही. कॉइल म्हणजे एक नळी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. २५ मिलिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकची नळी घ्या, तिच्यावर इनॅमलसकट पाव मिलिमीटर जाडीच्या तारेचे शंभरेक वेढे शेजारी शेजारी घाला, साधारण १७० मायक्रोहेन्री तयार होतात. ५०० पिकोफॅरडच्या गँगशी, म्हणजे ट्यूनिंगच्या फिरत्या कंडेन्सरशी, तेवढ्यात ५३० किलोहर्ट्झ गाठता येतं, म्हणजे मध्यम लहरींचं खालचं टोक. वेढे किती घालायचे हे सांगणारं सूत्र हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९२८ मध्येच मांडून ठेवलं आहे. शाळेतलं गणित पुरतं त्याला. तार कुठल्याही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. मग 'मिळत नाही' ते नेमकं काय?

पण बनवण्याची वेळ यायच्या आधी विचारायला हवं, की ती गेली हे ठरवलं कुणी आणि कसं.

जवळजवळ प्रत्येक जुन्या रेडिओच्या पाठीला पिकअपची दोन भोकं असतात, ग्रामोफोन जोडायला ठेवलेली. त्यांत बाहेरून आवाज सोडा. स्पीकरमधून नीट ऐकू आला, तर पॉवर सप्लाय, आउटपुट व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर हे सगळं ठणठणीत आहे. अर्धा रेडिओ संशयातून मुक्त झाला. नंतर बँड स्विच फिरवून बघा. लघुलहरींवर चांगली खरखर आणि एखादं स्टेशन येतं, पण मध्यम लहरी मुक्या आहेत, असं असेल तर व्हॉल्व्ह आणि आयएफटी, म्हणजे मधल्या वारंवारतेचे (आयएफ) ट्रान्सफॉर्मर, दोषी नाहीत, कारण त्या सगळ्या बँडना सामाईक असतात. दोष त्या एका बँडच्या कॉइलमध्ये तरी आहे, नाहीतर स्विचच्या काळवंडलेल्या पट्ट्यांत. माझा अनुभव सांगतो, की बहुतेक वेळा पट्ट्यांतच. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे चार थेंब आणि स्विचला वीसएक फेऱ्या. ज्या रेडिओची कॉइल 'गेली' होती तो बोलू लागतो, आणि मग मेकॅनिकला गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर द्यायला जड जातं.

सगळेच बँड मुके आणि नुसती सळसळ येत असेल, तर ऑसिलेटर, म्हणजे ऐकायच्या केंद्रापेक्षा आयएफएवढी जास्त वारंवारता निर्माण करणारा भाग, तपासायचा. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. शेजारी एक ट्रान्झिस्टर ठेवा आणि मध्यम लहरींवरचं एखादं केंद्र लावा, समजा १०४४ किलोहर्ट्झचं. आपल्या रेडिओची आयएफ ४५५ किलोहर्ट्झ असेल, तर त्याचा काटा ५८९ च्या आसपास नेला की ट्रान्झिस्टरमध्ये शिट्टी वाजली पाहिजे, कारण आपला ऑसिलेटर त्या क्षणी बरोबर १०४४ वर आलेला असतो. शिट्टी आली, तर ऑसिलेटरची कॉइल जिवंत आहे, भले दुकानदार काहीही म्हणो. मीटरवरच भरवसा असेल, तर ईसीएच ८१ च्या ऑसिलेटर ग्रिडवरचा रेझिस्टर मोजा: सात ते दहा उणे व्होल्ट मिळाले की ऑसिलेटर चालू आहे. काहीच मिळालं नाही, तर तिथे कॉइलवर संशय घ्यायला जागा आहे. नुसती जागा, शिक्का नव्हे.

हे सगळं करताना जीव सांभाळायचा, हे सांगायला हवं. आत २५० व्होल्ट असतात, आणि प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर ते धरून ठेवतात; आधी ते रिकामे करायचे. पॉवर ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटमध्ये तर चेसिसच थेट मेन्सला जोडलेली असते. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात घालणं हे धाडस नाही, मूर्खपणा आहे.

मीटरचीही एक गंमत आहे. ओहम मोजायचे तर कॉइलचं एक टोक सोडवून मोजावं लागतं, नाहीतर स्विचमधून फिरून आलेला दुसराच रस्ता मीटर मोजतो. आणि आकडे आधी माहीत असावे लागतात. मध्यम लहरींच्या कॉइलला काही ओहम, आयएफटीच्या वेटोळ्याला साधारण पाच ते पंधरा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याला काहीशे; पण लघुलहरींच्या कॉइलला एक ओहमही भरत नाही, कारण तिला मोजून सात-आठ वेढे असतात. हे ज्याला माहीत नाही तो मीटर बीपवर लावतो, बीप वाजतो, आणि चांगली कॉइल 'शॉर्ट' म्हणून जाहीर होते. अशा निदानावर किती चेसिस भंगारात गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आता कॉइल खरोखर तुटते तेव्हा काय होतं? बहुतेक वेळा ती मधोमध तुटत नाही. तुटते ती टोकाला, जिथे केसाएवढी तार टॅगला जोडलेली असते, आणि तिथे हिरवा कोंब दिसतो. आयएफटीच्या प्राथमिक वेटोळ्यावर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर सतत उच्च धन दाब असतो. कागद दमट झाला, बोटांचा घाम किंवा आम्लयुक्त पेस्ट तिथे राहिली असेल, तर तांबं थोडं थोडं विरघळत जातं. रत्नागिरी-पणजीच्या पावसाळ्यात हे जास्त होणार, यात नवल नाही. म्हणूनच माळ्यावरून उतरवलेला सेट त्याच संध्याकाळी प्लगला लावू नये. आधी उन्हात नाही, पण कोरड्या उबेत आठवडाभर ठेवावा. रोज वाजणारा रेडिओ स्वतःच्या व्हॉल्व्हच्या उष्णतेने कोरडा राहतो. कौतुकाने झाकून ठेवलेला सडतो.

एरियल कॉइलचं मरण वेगळं. घराच्या छपरावर किंवा खोलीच्या वर ताणलेली ती जाळीची एरियल आठवते? जवळपास वीज पडली की प्राथमिक वेटोळं जळायचं. गंमत म्हणजे हेच वेटोळं सगळ्यात कमी नाजूक असतं. ते ट्यून केलेलं नसतं, त्याचे वेढे चार-पाच इकडेतिकडे झाले तरी डायल हलत नाही. एक छोटा कंडेन्सर घेऊन एरियल थेट दुय्यम वेटोळ्याला टेकवा; स्टेशनं धडाधड आली, तर निदान पक्कं झालं. मग दुय्यम वेटोळ्याच्या अर्थिंगकडच्या टोकाजवळ पंचवीस-तीस नवे वेढे घाला, संपलं काम. यासाठी रेडिओचा कोथळा काढायचा?

आणि एक प्रकार असा, की त्यात कॉइल पूर्ण निर्दोष असते. काही आयएफटींच्या तळाशी अभ्रकाचा एक पत्रा असतो, त्यावर चांदीचा लेप देऊन दोन्ही वेटोळ्यांचे कंडेन्सर एकत्र केलेले असतात. एका बाजूला २५० व्होल्ट, दुसरीकडे जवळजवळ शून्य. वर्षानुवर्षांत चांदी एका पट्ट्याकडून दुसऱ्याकडे सरकते आणि ढग गडगडल्यासारखा आवाज येऊ लागतो. मेकॅनिक म्हणतो आयएफटी गेली. प्रत्यक्षात अभ्रकाची जोडणी तोडून बाहेरून शंभर-दीडशे पिकोफॅरडचे दोन चांगले मायका कंडेन्सर लावले, की तीच आयएफटी पुन्हा कामाला लागते.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तो जळालेला असतो, हे खरं; पण त्याला जाळतो दुसराच. आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा कागदी कपलिंग कंडेन्सर गळायला लागला, की आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट प्रवाह ओढतो आणि ट्रान्सफॉर्मरची बारीक तार वितळते. मग ईएल ८४ च्या प्लेटला दाब मिळत नाही आणि सगळा भार स्क्रीन ग्रिडवर येऊन ती लालभडक होते. हे दिसलं, तर ताबडतोब प्लग काढा. नवा ट्रान्सफॉर्मर बसवून तो दहा पैशांचा कंडेन्सर तसाच ठेवणारे लोक महिन्याभरात गिऱ्हाइकाला पुन्हा सांगतात, बघा, जुन्या रेडिओचं हे असंच असतं. असं नसतं. ज्याने काम अर्धवट केलं त्याचं असं असतं.

केसाएवढी तार जोडता येत नाही, हा आक्षेप मला सगळ्यात कमी प्रामाणिक वाटतो. एकेरी तार असेल तर भिंग, बारीक टोकाचा सोल्डर आयर्न आणि राळ एवढं पुरतं. पेस्ट अजिबात नको. तीच पुढच्या हिरव्या कोंबाची बी असते. टोकाचा एक वेढा उलगडून घ्यावा लागला, तर आभाळ कोसळत नाही. शंभरातला एक वेढा कमी झाला की इंडक्टन्स दोन टक्के घटतो, ४५५ ची आयएफ साडेचार-पाच किलोहर्ट्झनी वर जाते, आणि फेराइटचा गाभा थोडा आत घेतला की जागेवर येते. लिट्झ तार मात्र खरंच त्रास देते. तिच्यात पाच-सात रेशमासारख्या बारीक तारांचा पीळ असतो आणि प्रत्येक धागा सोल्डर व्हावा लागतो. एक जरी सुटला तरी कॉइलचा धारदारपणा जातो आणि शेजारचं स्टेशन आपल्या स्टेशनात घुसतं. जुन्या लोकांची युक्ती अशी, की तारेचं टोक स्पिरिटच्या ज्योतीत लाल करायचं आणि लगेच थंड स्पिरिटमध्ये बुडवायचं. इनॅमल झडतं, तांबं चकचकीत निघतं. ज्योत आणि स्पिरिटची वाटी यांच्यात हातभर अंतर ठेवायची अक्कल तेवढी हवी. शेवटी मधमाशीच्या मेणाचा पातळ थर. फेविक्विक किंवा एपॉक्सी ओतणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीचं दार बंद केलं असं समजावं.

निदान व्हायच्या आधी आयएफटीचे गाभे फिरवणाऱ्यांबद्दल काय बोलावं? स्क्रू दिसला की तो आवळायचाच, ही कुठली शिस्त? ते गाभे कारखान्यात एकेक करून जुळवलेले असतात. ते फिरवल्याने तुटलेली तार जुळत नाही. ज्या चार गोष्टी बरोबर होत्या त्या मात्र बिघडतात, आणि फेराइट तडकला तर नवा दोष पदरात पडतो.

याच जातीचे लोक मिळेल ती कॉइल मिळेल तिथे बसवतात. ट्रान्झिस्टरची, दुसऱ्या सेटची, चालेल म्हणतात. ऑसिलेटरची कॉइल अशी चालत नाही. एरियलच्या बाजूला ५३० ते १६०० असा तिपटीचा पल्ला असतो. ४५५ मिळवले की ऑसिलेटरला ९८५ ते २०५५, म्हणजे दुपटीपेक्षा जरासा जास्त. म्हणून तिचे वेढे कमी असतात आणि तिच्या मालिकेत पॅडर कंडेन्सर असतो. हे जुळलं नाही, तर डायलच्या एका टोकाला स्टेशनं येतात आणि दुसऱ्या टोकाला शुकशुकाट. मग दोष जातो 'जुन्या मालाच्या' नावावर.

दुसऱ्या टोकाला शुद्धतावादी बसलेले आहेत. त्यांच्याशीही माझं पटत नाही. मूळ कंपनीची, मूळ सालातली कॉइल मिळेपर्यंत सेट मुका ठेवायचा, आणि ती मिळवायला त्याच मॉडेलचा दुसरा रेडिओ फोडायचा, हे प्रेम मला समजत नाही. एकाला बोलतं करायला दुसऱ्याचा बळी का? १९२९ मध्ये इंग्लंडात वेल्विन गार्डन सिटीला मर्फीची कंपनी सुरू झाली तेव्हाही कॉइल ही तारेचीच होती, ठाण्यात मर्फीचे रेडिओ जोडले जात तेव्हाही तारेचीच, आणि आज तुमच्या टेबलावर गुंडाळाल तीही तारेचीच. जुनी कॉइल पाकिटात घालून, वर चिठ्ठी लिहून चेसिसखाली ठेवून द्या. पुढच्या पिढीतल्या संशोधकाला हवी तर सापडेल.

आता हवेत काय उरलंय, हा प्रश्न. लघुलहरी ओसरल्या आहेत, हे मान्य. बीबीसीची हिंदी रेडिओ सेवा जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. एकेकाळी ज्या पट्ट्यांवर रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत पोचायचा, तिथे आज बराच वेळ सळसळच ऐकू येते. त्यात एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जर यांचा गोंगाट. ज्याला दिवसभर गाणी हवी आहेत त्याला मध्यम लहरींवर समाधान मानायला सांगणं माझ्याकडून होणार नाही.

पण मग त्याला हवंय ते मिळवायला रेडिओ रिकामा करावा लागत नाही! पाठीमागची पिकअपची भोकं कशासाठी आहेत? ब्लूटूथचा काड्यापेटीएवढा रिसीव्हर बाहेर ठेवा, त्याची तार त्या भोकांत घाला, स्विच पिकअपवर करा. मोबाइलमधली गाणी ईएल ८४ मधून, त्याच सागवानी पेटीतून, त्याच मोठ्या स्पीकरमधून येतील. एसी-डीसी सेट असेल तर मध्ये एक छोटा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर घाला, हे मात्र टाळू नका. साठ-सत्तर वर्षांपूर्वी बनवणाऱ्याने बाहेरचा आवाज आत घ्यायला दार ठेवलेलं असताना आपण भिंत पाडून आत शिरतो. कॉइल नादुरुस्त असली तरी ते दार उघडंच असतं. म्हणजे ज्या कारणासाठी चेसिस काढायची ते कारणच उरत नाही, आणि कॉइल सवडीने दुरुस्त करता येते.

मजुरीचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दुकान चालवणाऱ्या माणसाने एका कॉइलवर दोन दिवस बसायचं तर त्याचं पोट कसं भरणार? त्याने खुशाल सांगावं, की काम होण्यासारखं आहे, पण एवढे पैसे पडतील. परवडत नसेल तर सेट परत न्या. यात काही गैर नाही. गैर आहे ते मजुरीची अडचण कॉइलच्या मृत्यूच्या दाखल्यात लपवणं. आणि पैसे वाचवण्याचे प्रामाणिक मार्गही आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोटर रिवाइंडिंगवाला गुंडाळून देऊ शकतो. त्याला फक्त कागदावर लिहून द्या: प्राथमिक बाजू ५२०० ओहम, स्पीकर ४ ओहमचा असेल तर वेढ्यांचं गुणोत्तर ३६ ला १. आणि एक सूचना अधोरेखित करा, की पत्रे पॉवर ट्रान्सफॉर्मरसारखे आलटून पालटून रचायचे नाहीत. सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला, मध्ये कागदाची फट. ही फट राहिली नाही तर व्हॉल्व्हच्या सततच्या प्रवाहाने गाभा तुंबतो आणि तबल्याचा बायाँ ऐकूच येत नाही.

तेव्हा यापुढे कुणी कॉइल गेली म्हणालं, तर आवाज न चढवता चार आकडे मागा. पिकअपवर काय झालं, ऑसिलेटर ग्रिडवर किती उणे व्होल्ट मिळाले, आयएफटीच्या दोन्ही टोकांना किती दाब होता, आणि टोक सोडवून किती ओहम आले. आकडे मिळाले तर त्या माणसाकडे सेट निर्धास्त सोपवा. नाही मिळाले, तर पुठ्ठा लावून सेट उचला.

कधीकधी हार मानावी लागते, ते मलाही मान्य आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळून डांबर बाहेर आलेलं, चेसिस गंजाने खाल्लेली, बँड स्विचचे वेफर तुटलेले, अशी पेटी समोर आली तर तिच्यात खुशाल ब्लूटूथ बसवा, मी तक्रार करणार नाही. आतल्या दोन आयएफटी, गँग आणि कॉइलचा गठ्ठा मात्र तारा कापून न टाकता, टॅगवरून सोल्डर काढून अलगद सुटा करा आणि कुण्या रेडिओवाल्याकडे पोचवा. त्यांच्यावर सेटचं मॉडेल लिहायला विसरू नका.